नऊ नंबरचा बाप

जिनेंद्र मगदूमचं ठिबकच्या पाइपांचं दुकान सांगलीच्या मार्केट यार्डामागं होतं आणि तिथं आलेल्या गिऱ्हाइकाला आधी फुटबॉल संपायची वाट बघावी लागे. हा फुटबॉल पायांनी चालत नसे, अंगठ्यानं चाले. ‘संगम तालीम : बारावा गडी’ या, तालमीच्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीनशेच्या वर माणसं होती आणि त्यातली निम्मी तरी जिनेंद्र काय लिहितो इकडं डोळे लावून बसलेली असत. उद्या कोण कुठं खेळणार, कोण कुणाला अडवणार, कितीला किती होणार, हे तो असं ठासून लिहायचा की वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस मैदानातच जेवतो आणि मैदानातच झोपतो. खरं म्हणजे तो मैदानावर जायचाच नाही. एकदा गेला होता, तेव्हा पॅन्ट चिखलानं भरली आणि कुणीतरी कानाजवळ पिपाणी वाजवली. तेव्हापासून फोन गल्ल्याला टेकवायचा आणि दुकानात बसूनच सामना बघायचा, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

त्या शनिवारी सकाळी मात्र फोन फुटबॉलसाठी हातात आलेला नव्हता. गणपती नुकतेच गेले होते, पर्युषण संपलं होतं आणि क्षमावणीचा दिवस होता. वर्षभरात ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्याकडं जायचं, हात जोडायचे, ‘उत्तम क्षमा’ म्हणायचं आणि समोरच्यानंही तेच म्हणायचं, असा हा जैनांचा दिवस. जिनेंद्रची आई राजमती बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन घेऊन तशीच घरोघर निघाली होती. जिनेंद्रचं काम सोपं होतं. त्यानं कमळाचं आणि जोडलेल्या हातांचं एक तयार चित्र शोधलं. त्याखाली ‘कळत-नकळत आपलं मन दुखावलं असेल तर अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो’ असं छापलेलंच होतं. ते त्यानं नातेवाईक, गिऱ्हाईक, शाळेतले दोस्त अशा सगळ्यांना एका दमात पाठवलं. ‘बारावा गडी’वरही टाकलं. अंतःकरणाचा कारभार असा उरकून तो चहा प्यायला बसला.

ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. ग्रुप चालवणारा विश्वजित म्हणाला, “क्षमा केली गड्या, पण उद्याचा अंदाज कुठाय?” आणि त्याच्याच खाली, नाव नसलेल्या एका नंबरावरून एक ओळ आली.

“कुठल्या गोष्टीची?”

जिनेंद्रनं कप खाली ठेवला. इतकी वर्षं तो हे चित्र पाठवत आला होता. कुणी ‘उत्तम क्षमा’ म्हणायचं, कुणी अंगठा दाखवायचं, बरेच जण काहीच म्हणायचे नाहीत. कुठल्या गोष्टीची म्हणून कुणी विचारलं नव्हतं. त्यानं नंबरावर बोट ठेवलं, तर फोटोत रणगाड्याजवळ उभा असलेला एक मिशीवाला माणूस. कुणीतरी मजा करतंय असं समजून त्यानं त्या नंबराला वेगळं लिहिलं, “आपण कोण?”

उत्तर यायला वेळ लागला. “लालासाहेब बर्गे. माजी हवालदार. मु. पो. ता. कोरेगाव. नऊ नंबरचा बाप.”

नऊ नंबर म्हणजे शिवतेज बर्गे. पावसाळी लीग सुरू झाली तेव्हा संगम तालमीनं त्याला कोरेगावाहून आणला. उंच, रुंद, बोलायला मुका. पहिल्या सामन्यात तो समोरच्या गोलपुढं जाऊन जो उभा राहिला तो शेवटपर्यंत उभाच. जिनेंद्रनं दुकानात बसून लिहिलं, “आपला नऊ नंबर म्हणजे बुजगावणं. रानात उभं केलंय, पण पाखरंसुद्धा भिईनात.” हसण्याचा नुसता पूर आला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ज्वारीच्या रानातल्या बुजगावण्याला शिवतेजचं तोंड चिकटवलं. पुढच्या सामन्याला ते चित्र सांगलीतल्या निम्म्या फोनांत होतं. जिनेंद्रनं तो शब्द परत लिहिला नाही. तो जाणता माणूस पडला, त्याला गंभीर विश्लेषण लिहायचं असे. दुसऱ्यांनी लिहिलं की तो हसरं तोंड तेवढं टाकायचा. आणि सेमीफायनलला शेकडो लोकांनी मैदानात एका सुरात ‘बुजगावणं! बुजगावणं!’ असं ओरडायला सुरुवात केली, तेव्हा ते फोनमधून ऐकताना, खोटं कशाला सांगायचं, त्याला आनंद झाला होता. आपण इथं बसून एक शब्द लिहिला आणि तिकडं मैदान गर्जतंय, ही काही लहान गोष्ट नव्हती.

शिवतेज त्या सामन्यानंतर खोलीवर बॅग टाकून गावी निघून गेला. फायनल रविवारी दुपारी होती, साताऱ्याच्या माहुली स्पोर्ट्सशी. बघायला लष्कराच्या संघासाठी मुलं निवडणारे दोन अधिकारी येणार होते आणि शिवतेज त्यासाठीच सांगलीत राहत होता, हे सगळ्या ग्रुपला ठाऊक होतं. आता तो खेळणार नाही म्हणतो, फोन उचलत नाही, हेही ठाऊक होतं. त्यावर सकाळपासून चर्चा चालली होती. “बुजगावणं रानात परत गेलं” असं एकानं लिहिलं होतं आणि त्याला पन्नासेक जण हसले होते.

एवढंच असतं तरी जिनेंद्रनं मनाची समजूत घातली असती. चेष्टा कोण करत नाही? पण त्याच्या पोटात अजून एक गोष्ट होती आणि ती त्यानं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. तिसऱ्या सामन्याचं चित्रण त्यानं परत लावून बघितलं होतं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की हा पोरगा उगीच उभा राहत नाही. तो जिथं उभा राहतो तिथं समोरचे दोन दांडगे गडी त्याला चिकटून राहतात, त्यांना हलताच येत नाही, आणि त्यांच्या मागं जी जागा मोकळी होते तिथूनच संगमचे गोल पडतात. गोल दुसऱ्याच्या नावावर, राबणूक नऊ नंबरची. हे ग्रुपवर लिहायला त्यानं फोन उचललाही होता. पण तेवढ्यात कुणीतरी बुजगावण्याचं नवं चित्र टाकलं, लोक हसायला लागले, आणि आपल्याच शब्दावर पाणी ओतायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं ते लिहिलं नाही. पुढंही लिहिलं नाही.

दुकानात त्याचं लक्ष लागेना. आकाराम नावाचं एक जुनं गिऱ्हाईक सोळा मिलिमीटरची नळी मागत होतं, त्यानं वीसचं बंडल काढून दिलं. आकाराम म्हणाला, “आवं शेट, ही आमच्या व्हालात कशी बसायची? ध्यान कुटं हाय तुमचं?” जिनेंद्रनं बंडल बदललं. फोन उघडला, मिटला, परत उघडला. ‘नऊ नंबरचा बाप’ या शब्दांपुढं काय लिहावं ते सुचेना. ‘नमस्कार’ लिहिलं, खोडलं. ‘गैरसमज झाला’ लिहिलं, तेही खोडलं, कारण गैरसमज कुणाचाच झाला नव्हता. हा माणूस सगळं कळून विचारतोय, सगळ्यांदेखत विचारतोय, आणि आता ग्रुपवर सगळा इतिहास मांडणार, अशी त्याला भीती वाटत होती.

राजमती घरोघर हिंडून दुकानात टेकायला आली. तिनं आल्या आल्या लेकाचं तोंड बघितलं.

“काय झालं रं? असा का बसलाईस?”

जिनेंद्रनं आधी काही नाही म्हटलं. मग सगळं सांगून टाकलं, तिसऱ्या सामन्याचं सुद्धा. राजमतीला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. दोन दांडगे गडी कशाला चिकटतात ते तिनं विचारलंही नाही.

“मग ह्या मानसानं इचारलं त्यात काय चुकलं?” ती म्हणाली. “मी आज सकाळी कुसुमच्या दारात गेले. म्हनलं, तुझ्या सुनंबद्दल मी वाईट बोलले हुते, क्षमा कर. रडली ती. मीबी रडले. आन् तू चित्र वाटाय लागलाईस व्हय? ती काय लग्नाची पत्रिका हाय?”

“आई, आता सगळेच असं पाठवतात.”

“पाठवू देत. उपास मी करायचे आन् पारनं तू फेडायचं, असं चाललंय तुझं. ऊठ. कुटं ऱ्हातंय म्हनालास त्ये पोरगं?”

“कोरेगावला.”

“मग गाडी हाय की कोरेगावला. दुकानात मी बसते.”

दुपारच्या गाडीनं जिनेंद्र निघाला. निघताना त्यानं लालासाहेबांना ‘भेटायला येतोय’ एवढंच कळवलं होतं. ‘या’ असं उत्तर आलं होतं. ‘या’वरून राग कळत नाही. गाडी ताकारी सोडून कराडच्या दिशेनं चालली तशी त्याची तगमग वाढत गेली. खिडकीतून दोन्ही बाजूंना ऊस आणि ऊस. ग्रुपवर मात्र मैदान तापलं होतं. कुणी म्हणत होतं तीन-एकनं आपण, कुणी म्हणत होतं माहुलीचा गोलकीपर भिंत आहे, कुणी अकरा जणांची नावं मांडत होतं आणि नऊ नंबरच्या जागी प्रश्नचिन्ह टाकत होतं. “मगदूम शेट, तुमचा अंदाज कुठाय?” विश्वजितनं तिसऱ्यांदा विचारलं. जिनेंद्रला अंदाज ठाऊक होता. नऊ नंबर नसला तर माहुलीचे बचावाचे दोन्ही दांडगे गडी मोकळे सुटणार, पुढं येणार, आणि संगमला पळता भुई थोडी होणार. पण हे लिहायचं तर नऊ नंबर काय करत होता तेही लिहावं लागलं असतं. त्यानं फोन पालथा घातला. मसूर गेलं, रहिमतपूर गेलं. समोरच्या बाकावरच्या बाईनं विचारलं, “बरं वाटत न्हाई का भाऊ?” तो म्हणाला, “नाही, ठीक आहे.”

कोरेगावच्या फलाटावर तो उतरला तेव्हा त्याची अशी तयारी होती की समोरचा माणूस गचांडी धरील, निदान आवाज चढवील. पण फोटोतला तो मिशीवाला माणूस, आता मिशी पांढरी झालेला, इस्त्रीच्या शर्टात ताठ उभा होता. त्यानं जिनेंद्रचा हात दोन्ही हातांत घेतला.

“मगदूम सर! या, या. गाडीत गर्दी हुती का? आवं, तुमी सोता आलाय म्हंजी आमचं भाग्यच म्हनायचं.”

लालासाहेबांनी त्याला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि वाटेत भेटेल त्याला “सांगलीचं सर हायती, फुटबालमधली” असं सांगत घरी नेलं. बनुबाईंनी, म्हणजे शिवतेजच्या आईनं, पाण्याचा तांब्या आणला. चहा झाला. लालासाहेब समोर खुर्ची ओढून बसले.

“आमी बगा, सेमीच्या आदी आलो तुमच्या ग्रुपवर. त्या विश्वजितला फोन करून नंबर घालाय लावला. पोराचं काय चाललंय ती कळावं म्हनून. तवापास्नं रोज सकाळी ही भाकरी थापती आन् मी तुमचं लिवल्यालं मोठ्यानं वाचतो. काय लिवता वो! लाईन डायग्राम काडून दाकवल्यासारकं. पलटनीत आसा समजावनारा साहेब क्वचित मिळतो.”

“मला आपलं त्येंच्या वाचन्यातनंच कळतं,” बनुबाई आतून म्हणाल्या.

“आन् दुसरं म्हंजी,” लालासाहेबांचा आवाज खाली आला, “त्या तीनशेत तुमी एकटंच त्येला नावानं लिवता. बाकीची काय काय म्हनत्यात, ती मी हिला वाचून दावत न्हाई. कुना भडव्यानं सुरू केलं कुनास ठावं.” त्यांनी मान झटकली. “ती जाऊ द्या. आज सकाळी तुमी क्षमा मागितली, ती काय आमाला उमगलं न्हाई. तुमी तर आमचं चांगलंच केलंय. म्हनून सरळ इचारलं, बाबा, कुटल्या गोष्टीची?”

जिनेंद्र त्यांच्याकडं बघतच राहिला. ग्रुपवर उशिरा आलेल्या माणसाला आधीचं काही दिसत नाही. नाव कुणी ठेवलं हे यांना ठाऊकच नव्हतं. यांनी आरोप केला नव्हता, चिमटा काढला नव्हता. न कळलेली गोष्ट साध्या मनानं विचारली होती. आता चहाचा कप खाली ठेवून ‘आमच्यात असा सण असतो’ एवढं म्हटलं की काम भागत होतं. परतीची गाडी होती. कुणाला काही कळलं नसतं. त्याच्या तोंडून निघालंही, “आमच्यात आजच्या दिवशी...” आणि तो थांबला.

लालासाहेबांनी ते वाक्य संपायची वाट बघितली नाही. “सर, एक काम करा. त्येला सांगा. माझं ऐकंना झालाय, आईचं ऐकंना. उद्या ते निवडीचं साहेब येनार. मी सतरा वर्सं नोकरी केली, पन खेळाडूच्या कोट्यातनं जानाऱ्याची शानच येगळी. त्यो तुमचं वाचतो. तुमचं ऐकंल. मागं आल्याच्या रानात हाय बगा.”

घरामागं आल्याचं रान होतं. पावसानं हिरवंगार झालं होतं. शिवतेज गादीवाफ्याच्या कडेला उकिडवा बसून तुंबलेल्या ठिबकची भोकं सुईनं मोकळी करत होता. फोनमध्ये एवढासा दिसणारा हा गडी जवळून बघताना जिनेंद्रला भलता थोराड वाटला, आणि तोंड मात्र कोवळं.

“शिवतेज, मी जिनेंद्र मगदूम.”

“वळखलं.” तो मान वर न करता म्हणाला. “तुमचा फोटू हाय की ग्रुपवर.”

जिनेंद्र त्याच्याशेजारी खाली बसला. आता पॅन्टचा विचार त्याच्या मनात आला नाही. “ते नाव मी ठेवलं,” तो म्हणाला.

“ठावं हाय. मी पयल्या सामन्यापास्नं हाय ग्रुपवर.”

“वडलांना सांगितलं नाहीस?”

“काय सांगू?” शिवतेजनं नळी झटकली. “सकाळी उठून आंघुळ करून तुमचं वाचत बसत्यात. रिटायर झाल्यापास्नं त्येंना एवडं खूश मी बगितलं न्हाई. म्हनलं, ऱ्हाऊ दे.”

इथं थांबलं असतं तरी चाललं असतं. पोराला सगळं माहीत होतं आणि तो चिडलेलाही दिसत नव्हता. पण आपण एवढ्या लांब निम्मंच सांगायला आलो नाही हे जिनेंद्रला आतून टोचत होतं. “अजून एक आहे,” तो म्हणाला, आणि तिसऱ्या सामन्याचं सांगितलं. ते दोन दांडगे गडी, ती मोकळी जागा, ते गोल.

शिवतेजचा हात थांबला. त्यानं पहिल्यांदा मान वर केली.

“तुमाला कळलं हुतं?”

“हो.”

“कवा?”

“तिसऱ्या सामन्यानंतर.”

“आन् लिवलं न्हाई.”

“नाही.”

शिवतेज उभा राहिला. “मी समजत हुतो तुमाला दिसतच न्हाई. दुकानात बसून बगनारा मानूस, त्येला काय दिसनार, आसं म्हनून मी गिळत हुतो. कोच म्हनायचा, त्या दोगांना धरून ठेव, बाकीच्याकडं बगू नको. मी धरून ठेवत हुतो. मैदान वरडत हुतं आन् मी धरून ठेवत हुतो! लाथा खाल्ल्या त्या दोगांच्या. मला वाटायचं, एकाला तरी कळावं. एकाला. आन् तुमाला कळलं हुतं!”

जिनेंद्रही उठला आणि त्यानं हात जोडले. या वेळी चित्रातले नाही, स्वतःचे. “मला लोक हसत होते ते सोडवेना. खरं सांगतो, मला लाज वाटते. उत्तम क्षमा, शिवतेज.”

“हितं आल्याच्या रानात हुबं राहून मागताय?” शिवतेज म्हणाला. “हितं कोन ऐकतंय? तीनशे जनांत नाव ठेवलं. तितं लिवा.”

“तुझे वडील वाचतील.”

शिवतेजनं घराकडं बघितलं. “वाचू देत,” तो म्हणाला. “मीबी झाकून झाकून दमलो.”

जिनेंद्र बांधावर बसला. जो अंगठा कधी थांबायचा नाही तो आता एकेक अक्षर शोधत होता. तीनशे माणसांपुढं आपली शान जाणार, विश्वजित काय म्हणेल, दुकानात येणारे काय म्हणतील, हे सगळं मनात येऊन गेलं. सगळ्यात जास्त आला तो स्टेशनावर दोन्ही हातांत हात घेणारा माणूस. लिहून झाल्यावर त्यानं परत वाचलं नाही. वाचलं असतं तर पाठवलं नसतं.

ते दोघं घराकडं निघाले. शिवतेज पुढं, जिनेंद्र मागं. अंगणाच्या जवळ आले आणि जिनेंद्रच्या कानावर लालासाहेबांचा आवाज पडला. खडा, कवायतीच्या मैदानावरचा आवाज.

“अगं ये भाईर! सरांचं आलंय. रानातनंच लिवलं, बग कसा मानूस हाय!” बनुबाई पदराला हात पुसत उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. लालासाहेबांनी चष्मा सारखा केला. “‘उद्याच्या सामन्याविषयी. सर्व मित्रांना नमस्कार. अंदाज सांगण्याआधी मला आपल्या नऊ नंबरविषयी, शिवतेज बर्गेविषयी दोन गोष्टी सांगायच्या आहेत.’ बगितलंस? नावानं! ‘संगमचे या लीगमधले निम्म्याहून जास्त गोल त्याच्यामुळे पडले. तो उभा राहतो म्हणून समोरचे दोन बचावपटू जागेवर अडकतात. हे मला तिसऱ्या सामन्यातच कळलं होतं. मी ते लिहिलं नाही.’”

लालासाहेब अडखळले. “‘मी ते लिहिलं नाही,’” त्यांनी परत वाचलं, जणू वाचण्यात चूक झाली असेल. “‘कारण पहिल्या सामन्याला त्याला...’”

ते थांबले. त्यांची बोटं पडद्यावर तशीच राहिली. बनुबाई म्हणाल्या, “वाचा की. थांबला का?” लालासाहेबांनी मान वर केली आणि अंगणाच्या कडेला उभ्या जिनेंद्रकडं बघितलं. त्या बघण्यात स्टेशनावरचं काहीच शिल्लक नव्हतं. त्यांनी फोन पुढं धरला.

“तुमी लिवलंय,” ते म्हणाले. “तुमीच वाचा.”

जिनेंद्र पुढं झाला. फोन हातात घेतला. मोठ्यानं वाचायची त्याला सवय नव्हती. त्याचा आवाज बारीक निघाला, लालासाहेब म्हणाले, “मोट्यानं. तिला ऐकू जाऊ द्या.” त्यानं घसा साफ केला. “‘कारण पहिल्या सामन्याला त्याला...’” आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की हा शब्द आपण तोंडानं कधी उच्चारलाच नाही. लिहिला होता, दुसऱ्यांनी लिहिलेला रोज बघितला होता, मैदानातून ऐकला होता. कुणाच्या तोंडावर म्हटला नव्हता. “‘त्याला बुजगावणं हे नाव मीच ठेवलं होतं.’”

“कुनाला?” बनुबाईंनी विचारलं. त्या घरात हा शब्द पहिल्यांदाच आला होता. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, लेकाकडं बघितलं. “कुनाला म्हनत्यात? आपल्या शिवतेजला?”

“होय मावशी,” जिनेंद्र म्हणाला. “शिवतेजला. मी म्हटलं आणि मग सगळे म्हणायला लागले.”

“पोराला सगळ्यांदेकत बुजगावनं म्हनायचं?” त्या एवढंच म्हणाल्या. त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत, आणि त्यामुळं जिनेंद्रला जास्तच वाईट वाटलं. लालासाहेबांनी थांबा म्हटलं नव्हतं, म्हणून तो शेवटपर्यंत वाचत गेला. शब्द माझा होता, तो मी मागं घेतो. शिवतेजची आणि त्याच्या आईवडलांची क्षमा मागतो. तो उद्या खेळला नाही तर संगम हरेल आणि त्याचं कारण माहुली स्पोर्ट्स नसेल, मी असेन. एवढं वाचून झालं. त्याच्या खिशातला स्वतःचा फोन सारखा थरथरत होता, ग्रुपवर उत्तरांचा पाऊस पडत असणार. त्यानं तो काढला नाही.

लालासाहेबांनी हात पुढं केला. जिनेंद्रला क्षणभर वाटलं, हातात हात देताहेत. त्यांना फोन पाहिजे होता. तो घेऊन त्यांनी चष्म्यातून नीट बघत, एका बोटानं शोधत शोधत, ग्रुपमधून आपला नंबर काढून टाकला.

“आता वाचायचं काय न्हाई,” ते म्हणाले. “उद्या मी आन् ही मैदानावर जानार. सोताच्या डोळ्यानं बगनार.” मग लेकाकडं न बघता म्हणाले, “खेळनारा असला तर.”

“आबा,” शिवतेज म्हणाला, “पाचची गाडी हाय. तिनंच जातो. सकाळी सरावाला पायजे.” तो घरात गेला आणि चिखल वाळलेले बूट घेऊन बाहेर आला. पायरीवर बसून त्यानं ते एकमेकांवर आपटले.

जिनेंद्र निघाला. लालासाहेब जागचे हलले नाहीत, त्यांनी पाठही वळवली नाही. फाटकाशी तो थबकला. “मला क्षमा...” असं त्यानं सुरू केलं.

“ती मागून मिळती व्हय लगेच?” शिवतेज पायरीवरून म्हणाला. “तुमच्यात मिळत आसंल. मला येळ लागंल.” बुटांतला चिखल त्यानं काडीनं उकरला. “उद्या दुकानात बसू नका. गोलमागं येऊन उबं ऱ्हावा. लोकं शेकड्यानं वरडनार, एका दिवसात थोडीच थांबनार हायत. तुमी तितं हुबं राहून माझं नाव घ्या. एकट्यानं. मोट्यानं.”

“येतो,” जिनेंद्र म्हणाला.